घोडा कोणाचा आणि मांड कोणाची

'गनिमी कावा' हा शब्द आपण सर्वांनी शाळेत ऐकलेला आहे. तो उच्चारला की डोंगर, दऱ्या, अंधारी रात्र आणि शत्रूची तारांबळ असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. कावा म्हणजे डावपेच, कपट, असा अर्थ आपण धरून चालतो. पण जुने कोश उघडून पाहिले तर या शब्दाचा आणखी एक अर्थ तेथे सापडतो, आणि आमच्या मते मूळचा तोच असावा. घोड्याला लांब दोरावर धरून वर्तुळात फिरविणे, त्याला डावीकडून व उजवीकडून वळावयास शिकविणे, म्हणजे कावा. मध्यभागी शिकविणारा उभा, त्याच्या हातात दोर आणि चाबूक, आणि भोवती घोडा फेर धरतो आहे, हे ते मूळचे चित्र. ज्या वळण्याने पुढे मोगलांचे सरदार हैराण झाले ते वळणे आधी कोणीतरी पागेमागच्या मोकळ्या जागेत, पहाटे, एका अडाणी शिंगराला शिकविलेले होते. मोहिमेच्या बखरी आपणांपाशी आहेत. त्या पहाटेची बखर नाही.

आज आम्ही बोलणार आहोत ते त्या मधल्या माणसाविषयी. त्याला मराठीत चाबुकस्वार म्हणतात. घोडा घडविणारा आणि घोड्यावर बसणारा पोरही घडविणारा असा हा दुहेरी शिक्षक. आम्ही काही घोडेस्वार नव्हे. आमचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत, पावत्या फाडण्यात आणि कामगार आयुक्तांच्या दारात बसण्यात गेले. परंतु तरुणपणी टांगेवाल्यांच्या युनियनचा हिशेब लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, आणि त्या निमित्ताने घोडा जवळून पाहावयास मिळाला. मग हाती लागेल ते वाचीत गेलो. वाचता वाचता असे दिसले की आपल्या वऱ्हाडचा अलीकडचा इतिहास, घोड्याचा खर्च कोणी द्यावयाचा, या एका प्रश्नाभोवती काव्यासारखा फिरलेला आहे.

१८०३ साली २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि डिसेंबरात गाविलगड पडला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. हे सर्वांस ठाऊक आहे. पुढची गोष्ट मात्र लोक विसरतात. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी राहिली. ती पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. हुकूम इंग्रजाचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून, अशी तिची व्यवस्था. पगार थकत गेला, त्यासाठी कर्जे झाली, कर्जावर व्याज चढले. अखेर २१ मे १८५३ रोजी डलहौसीच्या कारकिर्दीत तह झाला. पाच हजारांहून कमी नाही इतके पायदळ, दोन हजारांहून कमी नाही इतके घोडदळ आणि चार तोफखाने इंग्रजांनी बाळगावे, आणि त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली द्यावा असे ठरले. १८६० साली रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड तेवढा राहिला. काळ्या जमिनीचा, कापसाचा, पैका देणारा मुलूख कोण परत करतो? 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' असे उगीच म्हणत नाहीत.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपला मुलूख या वेळी तलवारीने जिंकला गेला नाही, तो फौजेच्या पगारापायी गहाण पडला. अकोटचा किंवा दर्यापूरचा कुणबी जो शेतसारा भरीत होता, त्यातून अचलपूरच्या छावणीतील स्वाराचा पगार निघत होता, आणि त्या पगारातून घोड्याची चंदी. ती छावणी म्हणजेच आजचे परतवाडा. जुनी माणसे त्या गावाला नुसते 'कँप' म्हणत, ते याच कारणाने.

आता या घोडदळाची आतली रचना पाहा. आमच्यासारख्या माणसाला लढायांपेक्षा तिच्यात अधिक गोडी वाटते. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. शिवाजी महाराजांच्या फौजेविषयी सभासदाने लिहून ठेवले आहे की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा हे दोघे फौजेच्या रचनेत मोजले गेले, त्यांची तैनात ठरली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ज्या राजाला नालबंदाची गणती करावीशी वाटली त्याचे घोडे लंगडले नाहीत, यात नवल ते काय! महाराजांचा कल सरकारी घोड्यावरच्या बारगिराकडे होता. शिलेदार आपला घोडा जपतो, कारण तो मेला तर त्याचे घर बसते. तेव्हा ऐन लढाईत त्याचे मन दोन ठिकाणी असते.

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वारांनी १७४१ पासून दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या केल्या. बंगाली लोक त्या स्वारांना आजही 'बर्गी' म्हणतात, आणि पोरांना निजविताना त्यांची भीती घालतात. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर. चौथाईची मागणी नागपूरची, मोहिमेचा बेत सरदारांचा, लूट जमा होणार खजिन्यात, आणि दोनशे ऐंशी वर्षे बदनामी भोगतो आहे तो ज्याच्या मालकीचा घोडासुद्धा नव्हता असा पगारी माणूस! असो.

इंग्रजांनी कंटिंजंटमध्ये उलट मार्ग धरला. त्यांनी शिलेदारी पद्धत चालू ठेवली, कारण ती स्वस्त पडे. स्वाराला पगार थोडा अधिक द्यावयाचा, आणि घोडा, खोगीर, चारा, मोतद्दार हे सर्व त्याने त्यातून भागवावयाचे. बहुधा दोन स्वारांमागे एक नोकर आणि एक तट्टू असे. तो नोकर घोड्यांचा खरारा करी आणि रानातून गवत कापून तट्टावर लादून आणी. स्वाराच्या जागेला असामी म्हणत, आणि ती विकत घ्यावी लागे. ज्याच्यापाशी पैका असे तो दोन-चार असाम्या घेई आणि त्यांवर कमी पगारात बारगीर बसवी. म्हणजे नोकरीतही मालक आणि कूळ! आमच्या जिनिंगमध्ये ठेकेदार जे करतात त्यात नवे काही नाही.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत चांगली होती. घोडा मेला की शिलेदार बुडे, म्हणून पलटणीत चंदा फंड असे. प्रत्येक स्वार दरमहा काही रक्कम त्यात टाकी, आणि कोणाचा घोडा मेला तर नव्या घोड्यासाठी त्यातून मदत होई. कोणत्याही युनियनच्या कल्याण निधीची ही आजीच म्हणावयाची. टांगेवाल्यांच्या युनियनमध्ये आम्ही घोड्यासाठी असाच निधी काढला तेव्हा ही कल्पना आपलीच, असा आम्हांस अभिमान होता. पुढे वाचनात चंदा फंड आला आणि तो अभिमान उतरला.

१९०२ च्या करारात वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला, १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला, आणि कंटिंजंट ही वेगळी फौज उरली नाही. तिचे घोडदळ हिंदुस्थानच्या लष्करात मिळाले. त्यातलेच डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुड या ठिकाणी भाले घेऊन मशीनगनवर धावून गेले. ज्या फौजेच्या घोड्यांना वऱ्हाडच्या शेतसाऱ्याने चंदी चारली होती तिचा वारसा सांगणारे हे स्वार. त्या युद्धानंतर शिलेदारी पद्धत बंद झाली आणि हळूहळू घोडाही गेला. डेक्कन हॉर्स आज आहे, पण रणगाड्यांवर.

फौज उठली, संस्थानांच्या पागा आटल्या, मग चाबुकस्वाराने करावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर दोन देशांत दोन माणसांनी एकच शोधले, आणि ते फार गमतीचे आहे.

पहिला माणूस इंग्रज. फिलिप ॲस्टली हा सुताराचा मुलगा, घोडदळात सार्जंट मेजर झाला. लष्कर सोडल्यावर १७६८ साली त्याने लंडनमध्ये घोडेस्वारीचे खेळ दाखविण्यास प्रारंभ केला. सरळ धावणाऱ्या घोड्यावर उभे राहणे कठीण. परंतु घोडा वर्तुळात एका लयीने धावू लागला की स्वाराला आतल्या बाजूस किंचित झुकून तोल धरता येतो, हे त्याने हेरले. वर्तुळ फार लहान केले तर घोडा आखडतो, फार मोठे केले तर मधल्या माणसाचा चाबूक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अखेर बेचाळीस फूट व्यासाचे रिंगण रूढ झाले, आणि जगातल्या सर्कशी आजही तेच माप धरतात. हा आपला कावाच नव्हे काय? दोर सुटला आणि भोवती बाके मांडली, एवढाच फरक.

दुसरा माणूस आपला. विष्णुपंत छत्रे यांचा जन्म १८४० चा, सांगलीकडील अंकलखोपचा. त्यांना दोन नाद, घोडा आणि गाणे. ग्वाल्हेरला जाऊन त्यांनी हद्दूखाँकडे गाणे शिकण्याची खटपट केली आणि घोड्याची विद्याही वाढविली. पुढे ते संस्थानी चाकरीत चाबुकस्वार झाले. १८७९ च्या सुमारास चिअरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईस आली. हिंदुस्थानात असे काही व्हावयास अजून पुष्कळ वर्षे लागतील, असे त्याने हिणविले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान उचलले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, २० मार्च १८८० रोजी कुरुंदवाडच्या अधिपतींसमोर त्यांनी आपल्या सर्कशीचा खेळ केला, आणि हिंदी सर्कशीचा आरंभ तेथून धरतात.

एका संस्थानच्या चाबुकस्वाराला सर्कस काढणे इतक्या लवकर जमले ते कसे? आमचे उत्तर असे की विद्या सगळी तयार होती. काव्यावर फिरणारे घोडे होते, हुकुमावर बसणारे-उठणारे घोडे दसऱ्याच्या स्वारीत नाचतच होते, आणि उघड्या पाठीवर चढणारी मागाडी पोरे पागेत वाढलेली होती. नवा होता तो फक्त तिकिटाचा पैसा. चाबुकस्वाराने मालक बदलला. राजाच्या जागी प्रेक्षक आला. त्याला रेल्वेचेही साहाय्य झाले. १८६७ साली नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला होता. तंबू आणि जनावरे डब्यांत घालून कापसाचा पैसा खुळखुळणाऱ्या गावी हंगामात उतरावे हे त्याआधी शक्यच नव्हते. छत्र्यांमागून देवल, कार्लेकर, माळी अशा मराठी सर्कशी निघाल्या. छत्र्यांची सर्कस मलबारात तेलिचेरीला गेली तेव्हा कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांची गाठ पडली. त्यांनी पुढे १९०१ मध्ये सर्कशीची शाळाच काढली, आणि हिंदी सर्कशीचा मध्यबिंदू महाराष्ट्रातून केरळात सरकला. शाळा ज्याची, विद्या त्याची.

विष्णुपंतांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ हे अलौकिक गवई, पण मनाने भ्रमिष्ट झालेले. विष्णुपंतांनी त्यांना आपल्यापाशी आणून सांभाळले, आणि ते सर्कशीबरोबर गावोगाव हिंडले. बुजरे जनावर आणि दुखावलेला माणूस या दोहोंना एकच हात लागतो, असे आम्हांस वाटते.

आता हा हात नेमका करतो काय, ते सांगतो. हे पुस्तकातले नाही. आमच्या युनियनमध्ये एक वृद्ध टांगेवाले होते, सर्व त्यांना बाबा म्हणत. त्यांच्या घराण्यात घोडे शिकविण्याचा धंदा पिढीजात. नव्या घोड्याला ते प्रथम महिनाभर जुंपीतच नसत. लांब दोरावर डावा कावा, उजवा कावा, सारखा वेळ. बहुतेक घोड्यांना एक बाजू सोपी असते आणि दुसरी अवघड. शिकविणारा आळशी असला तर सोप्या बाजूनेच फिरवितो, आणि घोडा जन्मभर एकांगी राहतो. मग पाठीवर नुसते पोते, मग पोत्यात थोडी वाळू, मग तंग आवळून मोकळे खोगीर, आणि सर्वांत शेवटी हलक्या अंगाचे पोर. आवाज एकच, खालचा. चाबूक हातात असे, पण तो मारण्यासाठी नव्हे. तो लांब केलेला हात होता.

एकदा आम्ही विचारले, "बाबा, दोर ओढून घोडा वळवता, त्यात एवढी विद्या कसली?" ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, दोर ओढ्याले कोनीबी शिकते. ढिला कवा सोडाचा, थे शिकाले उमर लागते."

हे वाक्य त्या वेळी आम्हांस म्हाताऱ्याचा विनोद वाटला. पुढे घोड्यांच्या शिक्षणावर आजचे शास्त्र काय म्हणते ते वाचले, तेव्हा तेथे हेच सापडले. दाबाने घोडा शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. लगाम ओढला आणि घोडा थांबला, तर त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. तो क्षण चुकला तर थांबल्याचे फळ त्याला मिळत नाही, आणि मग पुढच्या वेळी अधिक ओढावे लागते. असे ओढून ओढून तोंड मरते. ज्या घोड्याला लोक हट्टी म्हणतात तो पुष्कळदा कोणाच्या तरी उशिरा सुटलेल्या हाताचा घोडा असतो.

पोराचे शिक्षण याहून कठीण. घोडा खोटे बोलत नाही, पोर बोलते! पडण्याची भीती लपविण्यासाठी ते लगाम घट्ट धरते आणि टाचा रुतविते. म्हणून जुने चाबुकस्वार पोराला आधी लगाम देतच नसत. उघडी पाठ, रिकीब नाही, हात छातीवर बांधलेले, आणि घोडा गुरूच्या दोरावर दुडक्या चालीत. पडला तर पुन्हा वर. अशा रीतीने पोराची मांड बसते. युरोपातल्या घोडेस्वारीच्या शाळांतही नवशिक्यास दोरावर, रिकीब व लगाम काढून बसविण्याची रीत जुनी आहे. तेथल्या पुस्तकांत ती सविस्तर लिहिलेली आहे, आपल्याकडे ती मांडीत राहिली.

'मांड' या शब्दावरून अमरावतीची आठवण होते. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाचा सारा आधार मांडीच्या पकडीवर, आणि घोडेस्वाराचाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या ऊर्जितावस्थेस आणली, तेव्हा घोडा घरोघर होता. घोडा गेला, पण एरंडेल चोळलेला लाकडी खांब राहिला, आणि मांड शिकविण्याची जागा पागेतून आखाड्यात आली. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन हिंदी व्यायामप्रकार दाखविले, हे आपणांस सांगावयास नको. सामान्य घरच्या मुलाला घोडा परवडत नाही, खांब परवडतो. मंडळाचे आमच्या मते मोठे काम हेच, की संस्थानिकाच्या अंगणातली विद्या तेथे वर्गणीच्या पैशावर शिकविली गेली.

घोड्याची स्पर्धा मात्र अद्याप पैशावाल्याचीच आहे, किंवा लष्कराची. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताला घोडेस्वारीत तीन सुवर्णपदके मिळाली. त्यात लष्करातील रघुबीरसिंग यांचे नाव गाजले. मग एकेचाळीस वर्षे सुवर्ण नाही. २०२३ साली हांगचौला चार तरुण स्वारांच्या संघाने ड्रेसाज या प्रकारात ते मिळविले. ड्रेसाज म्हणजे फ्रेंच भाषेत शिक्षणच. आखलेल्या आयताकृती मैदानात घोड्याने ठरलेल्या जागी चाल बदलावयाची, वळावयाचे, थांबावयाचे. आणि स्वाराचा हात हललेला परीक्षकांना दिसता कामा नये. दसऱ्याला राजासमोर नाचणाऱ्या घोड्यावर आपले पूर्वज हेच पाहात असत. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना घोड्यांच्या खेळाचे मैदान आणि त्यावरची क्रीडा यांचे स्वतंत्र वर्णन केले आहे. दख्खनेत ही हौस नवी नाही.

ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्यास जावे. आपली पूर्णा चांगदेवापाशी तापीला मिळते, आणि तीच तापी पुढे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्यावरून जाते. एकमुखी दत्ताच्या यात्रेत तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी जनावरे येतात, चाली दाखविल्या जातात, घोडे नाचविले जातात. आम्ही गेलो तेव्हा एका उमद्या घोड्यापाशी गर्दी होती. घोड्याचे नाव सर्वांना पाठ, त्याच्या बापाचे नाव पाठ, मालकाचे नाव फलकावर. दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला आम्ही त्याचे नाव विचारले, तर त्याला वाटले, आम्ही घोड्याचेच विचारतो आहोत. त्याने घोड्याचे सांगितले.

पोराच्या शिक्षणाचा आणखी एक भाग आहे, तो गोड नाही. सर्कशीत घोड्यावर उभी राहणारी मुले कोठून येत? गरिबांच्या घरून. आई-बापाला थोडी रक्कम देऊन वर्षांच्या कराराने ती आणीत. शिकविताना कमरेला पट्टा बांधून दोर वरच्या कप्पीतून खेचीत, म्हणजे तोल गेला तर पोर लोंबकळे, पण पडत नसे. चांगला शिक्षक तो दोर महिनोन् महिने सोडीत नसे. घाई असलेला मालक लवकर सोडावयास लावी. बालकांना सर्कशीत कामास लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी बंदीचा आदेश दिला, आणि तो योग्यच होता. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ही विद्या लहान वयातच बसते. त्या मुलांचे हाल थांबले, आणि त्यांच्या जागी आज महिन्याची फी भरू शकणाऱ्यांची मुले घोड्यावर बसतात. गरिबाच्या पोराला घोड्यावर बसण्याचा हक्क शाळेतून कसा मिळेल, हा विचार आम्हांस अजून कोणी केलेला दिसला नाही.

१९९४ च्या हिवाळ्यात वऱ्हाडातल्या एका गावी एक सर्कस उतरली होती. नाव सांगत नाही. तिच्यातले सहा मोतद्दार एके दिवशी दुपारी आमच्या कचेरीत आले. तीन महिन्यांचा पगार थकलेला. सर्कस हा कारखाना की करमणूक, तिला कोणता कायदा लागतो, हा काथ्याकूट करीत बसलो असतो तर तोवर तंबू दुसऱ्या गावी गेला असता. आम्ही सरळ व्यवस्थापकाकडे गेलो. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "घोडे आमचे, तंबू आमचा. माणसांचे काय, उद्या दुसरी मिळतील." त्या संध्याकाळी सहाही जण कामावर गेले नाहीत. व्यवस्थापकाने गावातली चार माणसे रोजाने लावली.

आम्ही तिकीट काढून बसलो होतो. बँड वाजला, चार पांढरे घोडे रिंगणात आले. त्यांनी दोन फेरे नीट घेतले. तिसऱ्या फेऱ्याला पुढचा घोडा दारापाशी, जेथे त्याचा माणूस नेहमी उभा राहात असे तेथे, थांबला. मागचे तिघे त्याच्यावर येऊन थांबले. रिंगणातल्या माणसाने चाबूक उडविला, नव्या माणसांनी हाकलले. घोडा मान वळवून दाराकडे बघत उभा. बँड वाजतच होता. लोकांना वाटले, हा खेळाचाच भाग आहे, आणि त्यांनी टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता व्यवस्थापकाचा माणूस कचेरीत आला. अर्धा पगार त्याच दिवशी रोख, आणि उरलेला पुढच्या मुक्कामावरून, असे लिहून घेतले. मोतद्दार कामावर गेले. दीड महिन्याने मनीऑर्डर आली, तीत सत्तर रुपये कमी होते. त्यासाठी आम्ही दोन पत्रे पाठविली. दुसरे पत्र परत आले, तंबू त्या गावाहून हललेला होता.